डाकेतून वाचलेली लिपी

आमच्या विद्यालयाच्या गच्चीवर उभे राहून पश्चिमेकडे दृष्टी टाकली असता जी डोंगरांची रांग दिसते, तिच्या पलीकडल्या अंगास कान्हेरीची लेणी आहेत. लोकलने दादरवरून वळसा घेऊन बोरिवलीस उतरावे लागते, म्हणून ती 'बोरिवलीची लेणी' असा आपला समज होऊन बसला आहे. वस्तुतः भांडुपकरांच्या पाठीशी जो डोंगर आहे, त्याच्याच कुशीत ती खोदलेली आहेत. गेल्या हिवाळ्यात नववीच्या वर्गास घेऊन आम्ही तेथे गेलो होतो. पाण्याच्या एका टाक्यावरील लेख दाखवून आम्ही सांगितले की, हे टाके कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने भिक्षूंसाठी दान दिले, व लेखात टाक्यास 'पोढी' असा शब्द आहे. मुले ऐकत होती. त्यांतील एकाने विचारले, "सर, हे पहिल्यांदा कोणी वाचले? आणि ज्याने वाचले, त्याला कोणी शिकवले?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात आहे. "जेम्स प्रिन्सेप नावाच्या साहेबाने" असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. दुसरा प्रश्न मात्र घरी येईपर्यंत आमच्याबरोबर आला. ज्या लिपीस जाणणारा एकही मनुष्य पृथ्वीच्या पाठीवर उरला नव्हता, ती लिपी शिकवणार कोण? या प्रश्नाचे खरे उत्तर कोणत्याही एका ग्रंथात नसून ते एकोणिसाव्या शतकातील विद्वानांच्या पत्रव्यवहारात आहे. तो पत्रव्यवहार कसा घडला, कसा टिकला व त्यातून काय कळते, हे आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावे, एवढ्याचसाठी हा लेख.

प्रथम अडचण किती मोठी होती ते ध्यानात घ्यावे. ज्या लिपीस आज आपण ब्राह्मी म्हणतो, तिचे ज्ञान या देशातून पार नाहीसे झाले होते. चौदाव्या शतकात दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक याने अशोकाचे दोन स्तंभ मोठ्या खटपटीने दिल्लीस आणविले. परंतु त्यांवर काय लिहिले आहे हे त्याला कोणी सांगू शकले नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आपल्या घारापुरीच्या लेण्यातील एक कोरीव लेख असलेली शिळा काढली. पूर्वेकडील हिंदू व मुसलमान जाणत्यांस विचारून झाले. कोणासही ती वाचता येईना, तेव्हा ती पोर्तुगालच्या राजाकडे धाडून दिली. तेथेही कोणास वाचता आली नाही, आणि पुढे ती शिळाच नाहीशी झाली. तिची नक्कल घेऊन ठेवण्याचे कोणास सुचले नाही. शिळा गेली ती लेखासह गेली. आमच्या मते आपल्या मुंबई बेटाच्या इतिहासातील ही एक फार खेदाची गोष्ट आहे, आणि पुढे जे सांगावयाचे आहे त्याच्या अगदी उलट आहे.

जेम्स प्रिन्सेप हा काही पेशाने भाषापंडित नव्हता. इ. स. १७९९ मध्ये जन्मलेला हा मनुष्य १८१९ साली टांकसाळीत नोकरीस म्हणून हिंदुस्थानात आला. सोन्यारुप्याचा कस पाहणे हे त्याचे काम. प्रथम काशीस व नंतर कलकत्त्यास. तेथे तो एशियाटिक सोसायटीचा चिटणीस झाला व तिच्या मासिकाचा संपादकही झाला. संपादकाकडे पत्रे येतात, हे या अंकाचे संपादक जाणतातच. मात्र प्रिन्सेपकडे येणारी पत्रे निराळी होती. कोणी लष्करी अंमलदार छावणीजवळ सापडलेल्या नाण्याचे चित्र पाठवी. कोणी सडक बांधणारा इंजिनिअर खडकावरील अक्षरांची नक्कल पाठवी. नेपाळात रेसिडेंट असलेल्या ब्रायन हॉज्सन यांनी बिहारातील स्तंभांवरील लेखांच्या नकला धाडल्या. त्या दिल्लीच्या व अलाहाबादच्या लेखांशेजारी ठेवून पाहताच १८३४ साली प्रिन्सेपच्या ध्यानात आले की, शेकडो मैलांच्या अंतरावरील हे तिन्ही लेख पुष्कळ अंशी एकच आहेत. तिन्ही स्तंभ एका माणसाने एकाच वेळी पाहणे शक्य नव्हते. तीन पत्रे मात्र एका मेजावर पसरता येत होती.

तो काळ कसा होता हेही मुलांनी मनात आणावे. आगगाडी नव्हती, बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंतची पहिली गाडी आपल्या भांडुपवरून धावली ती १८५३ साली. तारयंत्रही नव्हते. मुंबईचे पत्र डाकेच्या हरकाऱ्यांच्या हातून नद्यानाले ओलांडीत कलकत्त्यास जावयाचे, व उत्तर त्याच वाटेने परत यावयाचे. टपालहशील वजनावर असे, म्हणून मंडळी पातळ कागदावर बारीक अक्षरात लिहीत, आणि पान भरले म्हणजे तेच पान आडवे धरून लिहिलेल्या ओळींवरून पुन्हा लिहीत. अशी पत्रे आज वाचणारांचे डोळे दुखतात, पण लिहिणाराचे पैसे वाचले.

आता आमच्या मुंबईकडे वळू. येथे १८०४ साली सर जेम्स मॅकिंटॉश यांनी एक विद्वत्सभा स्थापिली होती, जी पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली. टाउन हॉलच्या त्या उंच पायऱ्या आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. रेव्हरंड जॉन स्टीव्हन्सन व रेव्हरंड जॉन विल्सन हे दोघे स्कॉटिश मिशनरी तिच्या कामात अग्रभागी होते. स्टीव्हन्सन यांचे मराठी व्याकरण १८३३ साली निघाले. त्यांनी कार्ल्याच्या लेण्यांतील लेखांवर परिश्रम करून १८३४ साली आपला शोध कलकत्त्याच्या मासिकाकडे पाठविला. क, ज, प, ब ही अक्षरे त्यांनी बरोबर ओळखिली होती. परंतु लेखांची भाषा संस्कृतच असली पाहिजे अशा समजुतीने ते अर्थ लावू गेले, आणि भाषा तर प्राकृत! त्यामुळे अक्षरे हाती येऊनही वाक्य हाती येईना. खऱ्या किल्लीने चुकीचे कुलूप उघडू पाहण्यासारखेच ते झाले. पुढे १८३६ साली लासेन नामक जर्मन पंडिताने एका यवन राजाच्या नाण्यावर एकीकडे ग्रीक व दुसरीकडे ही लिपी पाहून आणखी काही अक्षरे निश्चित केली. एवंच, जो तो थोडे थोडे जाणत होता, आणि ते थोडे एकत्र होत होते ते डाकेत.

१८३७ सालच्या मे महिन्यात ती गोष्ट घडली. कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनी सांची येथील स्तूपाच्या कठड्यावरील पुष्कळ लहान लहान लेखांच्या नकला प्रिन्सेपकडे धाडल्या होत्या. छापण्यासाठी त्या एका कागदावर मांडीत असता त्याच्या नजरेस आले की, जवळजवळ प्रत्येक लेखाच्या शेवटी तीच दोन अक्षरे आहेत. लेख तुटक आहेत, म्हणजे तो एक सलग मजकूर नव्हे. मग काय असावे? ब्रह्मदेशातील बौद्ध देवळांत भाविक लोक ध्वज व मूर्ती अर्पण करून त्यांवर आपले नाव घालतात, हे त्याने ऐकले होते. तर मग हे दात्यांचेच लेख असतील, आणि शेवटचा शब्द 'दानं' असेल! सुराष्ट्रातील क्षत्रपांची नाणी त्याने नुकतीच वाचली होती. त्यांवरून प्राकृतात 'अमक्याचे' हे दाखविण्यास नावाच्या शेवटी 'स' येतो, हे त्याला माहीत झाले होते. सांचीच्या लेखांत 'दानं'च्या आधी तोच 'स' उभा! म्हणजे 'अमक्याचे दान'. 'द' व 'न' ही दोन अक्षरे व अनुस्वार असे एकदम हाती आले. 'न' तर अगदी सोपा आहे: आडव्या रेघेच्या मध्यावर उभी रेघ, आणि अनुस्वार म्हणजे आजच्यासारखाच शेजारी एक टिंब. हे सापडल्यावर थोडक्याच अवकाशात बाकीची मुळाक्षरे उलगडली, व दिल्लीच्या स्तंभाचा लेख, ज्यापुढे फिरोजशहाचे पंडित गप्प झाले होते, तो बोलू लागला.

हे सर्व आम्हांस इतक्या बारकाईने कसे कळते? प्रिन्सेपने आपल्या मासिकात त्याचे वर्णन केले आहेच; परंतु त्याहून जिवंत साक्ष निराळी आहे. त्या दिवसांत तो आपल्या एका तरुण मित्राला चिठ्ठ्या लिहीत होता. आज अमुक अक्षर सापडले, तू तमुक नाणे पाहा, काल म्हटले ते चुकले, अशा घाईघाईच्या त्या चिठ्ठ्या. मित्राचे नाव अलेक्झांडर कनिंगहॅम, लष्करातील इंजिनिअर, वय तेवीस वर्षे. दुसरा कोणी असता तर वाचून टोपलीत टाकत्या. याने त्या जपून ठेविल्या. प्रिन्सेप अतिश्रमाने आजारी पडून १८३८ च्या अखेरीस हिंदुस्थान सोडून गेला व १८४० साली वयाच्या चाळिसाव्या वर्षी लंडनात वारला. कनिंगहॅम पुढे सरकारच्या पुराणवस्तू खात्याचा मुख्य झाला, आणि १८७१ साली आपल्या अहवालाच्या पहिल्या खंडात त्याने आपल्या मृत मित्राच्या त्या चिठ्ठ्यांतील उतारे छापिले. चौतीस वर्षे त्या कागदांनी हिंदुस्थानभर छावण्यांतून प्रवास केला असेल. याच कनिंगहॅमच्या संग्रहाचा काही भाग पुढे 'इंडस' नावाच्या आगबोटीबरोबर सिलोनच्या किनाऱ्याजवळ समुद्रात बुडाला. तेव्हा आधीच छापून झालेल्या त्या उताऱ्यांचे मोल अधिकच वाटते.

पत्रांचा दुसरा गुण असा की, ग्रंथ जी चूक पुसून टाकितो ती पत्रव्यवहारात राहते. 'देवानांपिय पियदसि' असे राजाचे नाव वाचल्यावर प्रिन्सेपला प्रथम वाटले की, हा सिंहलद्वीपाचा राजा असावा. सिलोनात मुलकी नोकरीत असलेले जॉर्ज टर्नर हे पाली ग्रंथांचे जाणते होते. त्यांनी तेथील जुन्या बखरीचा आधार दाखवून कळविले की, पियदसि म्हणजे मगधाचा अशोक. प्रिन्सेपने ती दुरुस्ती मान्य करून जाहीर केली. खडकावर 'अशोक' हे नावच कोरलेले सापडावयास १९१५ साल उजाडावे लागले. ते निजामाच्या राज्यात मास्की येथे सापडले. टर्नर यांचे म्हणणे खरे ठरले. परीक्षेत उत्तर चुकले असता आमचे काही विद्यार्थी गुरुजींनाच चुकीचे ठरवू पाहतात, त्यांनी प्रिन्सेपकडे पाहावे.

गिरनारच्या लेखाची हकीकत आम्हांस विशेष जवळची वाटते, कारण तिचे एक टोक मुंबईच्या मिशनमध्ये आहे. डॉ. विल्सन, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय गिरगाव चौपाटीसमोर उभे आहे, ते १८३५ च्या मार्च महिन्यात काठेवाडात फिरत असता जुनागडाजवळील तो प्रचंड खडक पाहावयास गेले. लेख एवढा मोठा की, संपूर्ण नक्कल करणे एकट्याच्या आटोक्याबाहेरचे. तरी जवळ असलेल्या जुन्या वर्णमालांशी ताडून पाहता त्यांना काही शब्द लागले. त्यांना आनंद झाला, व बरोबर असलेल्या ब्राह्मणांनाही झाला, असे त्यांनी आपल्या रोजनिशीत लिहून ठेविले आहे. कॅप्टन लँग यांनी संपूर्ण नक्कल मिळवून देण्याचे वचन दिले, व पुढे खडकावर कापड लावून तो लेख कापडावर उतरविला. विल्सन यांजकडून ती नक्कल मुंबई सरकारचे चिटणीस वॉथेन यांजकडे गेली. वॉथेन स्वतः ताम्रपट वाचण्याचे शौकीन होते. त्यांनी ती कलकत्त्यास प्रिन्सेपकडे धाडली. त्याच सुमारास ओरिसातील धौलीच्या खडकाची नक्कल किटो नावाच्या लेफ्टनंटाकडून आली होती. एक खडक पश्चिम समुद्राजवळ, एक पूर्व समुद्राजवळ, आणि दोहोंवर पुष्कळसा मजकूर एकच! १८३८ साली प्रिन्सेपने गिरनारच्या दुसऱ्या शासनात, जेथे माणसांच्या व जनावरांच्या औषधोपचाराची व्यवस्था सांगितली आहे, तेथे 'अंतियोक' हा यवन राजा वाचला. हा सिरियाचा अँटिओकस. त्याचा काळ ग्रीक इतिहासावरून ज्ञात होता. त्या एका नावाने अशोकाचा काळ निश्चित होण्यास बळकट आधार मिळाला. कापडाची ती घडी नसती तर हे आणखी किती वर्षे लांबले असते कोण जाणे.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. डॉ. विल्सन यांनी हिंदू व पारशी धर्मांवर कठोर लेखन केले; वादविवाद केले; तत्कालीन लोकांची मने त्यामुळे पुष्कळ दुखावली. आम्ही ज्या परंपरेत वाढलो तिचे ते पूर्वसूरी होत, म्हणून ही गोष्ट आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. परंतु तोच मनुष्य गिरनारच्या खडकापुढे ब्राह्मणांबरोबर उभा राहून एक एक अक्षर लागताना हर्षित होतो, हेही तितकेच खरे. डॉ. जॉर्ज स्मिथ यांनी १८७८ साली त्यांचे जे मोठे चरित्र लिहिले, त्यात पत्रे व रोजनिशी यांचा पुष्कळ उपयोग केला आहे. तथापि असे ग्रंथ वाचताना सावध असावे. चरित्रकार पत्रे निवडतो. गौरवास शोभेल ते घेतो, न शोभेल ते गाळतो. म्हणून ज्याला खरे जाणावयाचे आहे तो मूळ कागदांकडे जातो. लंडनची रॉयल एशियाटिक सोसायटी १८२३ साली स्थापन झाली. तिच्या दप्तरात हॉज्सन यांचे कागद आहेत. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा प्रचंड पत्रसंग्रह ब्रिटिश लायब्ररीत आहे. तेथे प्रत्येक पेटीस क्रमांक, प्रत्येक पत्राची नोंद: कोणी, कोणास, कोठून, कोणत्या तारखेस. आता त्या नोंदी घरबसल्या संगणकावरही पाहता येतात. आपल्या मुंबईतही एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे.

पत्रांत आणखी काही माणसे भेटतात, ज्यांची नावे मुखपृष्ठावर नसतात. प्रिन्सेपशेजारी कमलाकांत विद्यालंकार हे संस्कृत पंडित होते, व सिलोनचा रत्नपाल हा पाली जाणणारा गृहस्थ होता. मुंबईत बाळशास्त्री जांभेकर, ज्यांना आपण 'दर्पण'कार म्हणून ओळखतो, ते ताम्रपट वाचून सोसायटीच्या नियतकालिकात लिहीत होते. पुढे लेण्यांची पाहणी करण्यासाठी कमिशन नेमिले गेले. त्याच्या कामी विष्णुशास्त्री बापट हे पंडित होते.

परंतु या सर्वांत आम्हांस आवडते ती भगवानलाल इंद्रजी यांची कथा. १८३९ साली जुनागडास, म्हणजे त्याच खडकाच्या सावलीत, ते जन्मले. मुलगा असतानाच प्रिन्सेपच्या मुळाक्षरांच्या तक्त्याची एक प्रत त्यांच्या हाती आली, व ती घेऊन ते खडकापुढे जाऊन बसू लागले. ज्या अक्षरांची नक्कल आपल्या गावाहून कलकत्त्यास गेली होती, त्यांची किल्ली अशी परत गावी आली! १८६१ साली किनलॉक फॉर्ब्स यांच्या शिफारशीने ते मुंबईस डॉ. भाऊ दाजी लाड यांजकडे आले, आणि पुढे हिंदुस्थानभर पायी हिंडून लेख उतरविले. इंग्रजी लिहिण्याचा त्यांना सराव नव्हता. ते गुजरातीत लिहीत; एल्फिन्स्टन महाविद्यालयातील जर्मन अध्यापक डॉ. ब्यूलर यांच्यासारखे स्नेही त्याचे इंग्रजी करीत. १८८२ साली नालासोपाऱ्याचा स्तूप भगवानलालांनीच उघडला, आणि अशोकाच्या आठव्या शासनाचा तुकडाही तेथे त्यांनाच मिळाला. हॉलंडातील लायडेन विद्यापीठाने त्यांस सन्माननीय डॉक्टर केले. आमच्या त्या विद्यार्थ्याने विचारले होते, "त्याला कोणी शिकवले?" भगवानलालांपुरते तरी उत्तर देता येते: एका कागदाने.

ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८२ साली निघाले, त्यातील पुराणवस्तूंच्या माहितीत याच पंडितांचा मोठा हात आहे. त्या गॅझेटिअरात आपल्या भांडुपचेही नाव एका ताम्रपटासाठी आले आहे. शिलाहार राजा छित्तराज याचा हा ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे इ. स. १०२६ चा. डॉ. ब्यूलर यांनी तो १८७६ साली 'इंडियन अँटिक्वरी'त प्रसिद्ध केला. त्यात षट्षष्टी, म्हणजे साष्टी, या विषयातील नौर गावचे एक शेत दान दिल्याचे लिहिले आहे. हे नौर म्हणजे आपल्या शेजारचे नाहूर! तेथे रेल्वेचे स्थानक २००६ साली झाले, पण गावाचे नाव राजाच्या ताम्रपटावर त्यापूर्वी जवळजवळ एक हजार वर्षे होते. शेताच्या चतुःसीमा सांगताना राजपथाचाही उल्लेख आला आहे, व तो राजपथ मुंबईहून ठाण्यास जाणाऱ्या रस्त्याच्याच सुमाराने जात असावा असा गॅझेटिअरकारांचा तर्क आहे. तो तर्क खरा मानिला तर लालबहादूर शास्त्री मार्गावर सकाळी बसची वाट पाहत आमची मुले जेथे उभी असतात, त्याच वाटेने छित्तराजाचे लोक जात असत.

कान्हेरीचे मात्र नशीब इतके चांगले नाही. १८३९ साली डॉ. जेम्स बर्ड यांनी तेथील मोठ्या चैत्यापुढचा एक स्तूप फोडून पाहिला, तेव्हा तांब्याच्या पात्रांबरोबर २४५ हे वर्ष घातलेला एक ताम्रपट निघाला. तो मूळ ताम्रपट आज उपलब्ध नाही. बर्ड यांनी त्याची प्रतिकृती छापविली होती म्हणून विद्वानांस तो वाचता आला. घारापुरीची शिळा व कान्हेरीचा ताम्रपट, दोन्ही हरवले. पण एकाची नक्कल होती.

हे लिहीत असताना आम्हांस आमचीच एक करणी आठवते, आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही. आमचे आजोबा त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात एका खेड्यातील मिशनशाळेत पंतोजी होते. त्यांची पत्रे, हिशेब व टिपणे एका पत्र्याच्या ट्रंकेत भरलेली होती, सगळी मोडीत. वडिलांना मोडी अर्धवट येत असे, आम्हांस मुळीच नाही. भांडुपच्या चाळीत बिऱ्हाड आणिले तेव्हा खोलीत ट्रंक ठेवण्यास जागा होईना. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे. "वाचता तर कोणाला येत नाही" असे म्हणून ते कागद रद्दीवाल्यास विकून आलो, व आलेल्या पैशांत रबरी चेंडू आणिला. घरात कोणी रागावलेही नाही. ब्राह्मी विसरावयास या देशाला कित्येक शतके लागली. आमच्या घरी मोडी विसरावयास दोन पिढ्या पुरल्या.

त्यांतून एकच कागद वाचला, तोही आजोबांच्या उपासनासंगीताच्या पुठ्ठ्यात अडकून राहिला होता म्हणून. मागील वर्षी एका मोडी जाणणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी तो आम्हांस वाचून दाखविला. पावसाळ्यापूर्वी शाळेच्या छपराची कौले बदलावीत, अशी ती वरिष्ठांस केलेली विनंती. शेवटी चार ओळींत, यंदा दाणे महाग असल्यामुळे कोणकोणत्या मुलांनी शाळा सोडली त्यांची नावे आहेत. पत्राच्या पाठीवर दुसऱ्या हाताने लिहिले आहे, "कौले मंजूर." मुलांविषयी काही लिहिलेले नाही.

पालकांपैकी ज्यांच्या घरी असे मोडी कागद, जुने बाप्तिस्म्याचे दाखले, गिरणीची किंवा शेताची पत्रे असतील, त्यांनी ती प्लॅस्टिकमध्ये चिकटवून घेऊ नयेत, चिकटपट्टी लावू नये, व वर शाईने काही लिहू नये. सुती फडक्यात सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवावीत, आणि कोणी कोणास लिहिले हे आठवत असेल तोवर एका वेगळ्या कागदावर नोंदवून ठेवावे. वाचणारा मिळेपर्यंत कागदाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घेतली तरी पुष्कळ झाले. शनिवारी शाळा सुटल्यावर ग्रंथालयात आणून दाखविल्यास आम्ही आनंदाने पाहू. आजोबांचे ते पत्र तेथेच काचेच्या कपाटात ठेविले आहे, आणि नववीच्या त्या विद्यार्थ्याने त्यातील 'कौले' हा शब्द शोधून काढून आपल्या वहीत तीन वेळा उतरविला आहे.